आधीसारखे

"पद्मश्रीला फोन लाव. म्हणावं, आण्णा वाट बघतोय."

हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले. मी भाकरी थापत होते, हात पिठातच थांबला. आमच्या लेकीचं नाव आठ वर्षांत ह्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि माझ्या तोंडून निघालेलं त्यांना चालत नव्हतं. मी वळून बघितलं तर हे हसत होते. उगाच नाही, मनापासून, एखादं लहान मूल काहीतरी लपवून आणल्यावर हसतं तसं.

मी म्हटलं, नंबर हुडकते. तर म्हणाले, "नंबर मला पाठ आहे. चष्मा सापडत नाही म्हणून तुला सांगतोय."

हे म्हणजे भूपाल चौगुले. एसटीच्या तीन आगारांत व्यवस्थापक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले होते. आम्ही जयसिंगपुरात राहतो. इकडच्या जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांना चौगुले साहेब म्हटलं की अजून पाठ ताठ करून उभं राहावंसं वाटतं. गाडी उशिरा सुटली तर कारण न ऐकता शिक्षा. घरातही तेच. जेवण झालं की ताट सरकवून उठायचे, चांगलं झालं की वाईट हे कधी कळायचं नाही. मला नावाने हाक मारलेली लग्नापासून मला आठवत नाही. 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का'. पोटात लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, झाला तेव्हा मिरजेला सहा महिने केमो घेतली, तीही ड्युटीवर गेल्यासारखी. दुखतंय असं एकदाही म्हणाले नाहीत. बरे झाले, तेव्हा आनंद झाला असंही म्हणाले नाहीत.

पद्मश्रीने लग्न केलं विशाल बनसोडेशी. मुलगा शिकलेला, पुण्याला कंपनीत. पण जात वेगळी, आणि त्याचे वडील ह्यांच्याच आगारात कंडक्टर. हे ओरडले नाहीत. तिला सगळं बोलू दिलं आणि शेवटी म्हणाले, झालं असेल तर जा. ती गेल्यावर तिचं अभ्यासाचं टेबल आणि कपाट टेम्पोत घालून आगाराच्या विश्रांतीगृहात देऊन आले. परत आले आणि पेपर वाचत बसले. त्या दिवसापासून आमच्या घरात मुलगी नव्हती. मी वर्षातून दोनदा बहिणीकडे जाते म्हणून पुण्याला जायचे. नात झाली तेही मी ह्यांना सांगितलं नाही.

आणि आता हे म्हणत होते, फोन लाव.

पद्मश्री दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचली. सोबत विशाल आणि पाच वर्षांची यशोधरा. ती फाटकातच थांबली, आत यायला पाय उचलेना. हे पुढे गेले, तिचा हात धरून आत आणलं, सोफ्यावर बसवलं आणि तिच्या शेजारी बसून रडायला लागले. ह्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा रडले नव्हते.

रडता रडताच त्यांनी ते सांगितलं. तिच्या लग्नादिवशी सकाळी हे फिरायला म्हणून बाहेर पडले होते. तसेच स्टँडवर जाऊन पुण्याच्या गाडीत बसले होते.

"तिकीट काढायला कंडक्टर आला. मला बघून म्हणाला, साहेब, कुठं निघालात? मी पुणं म्हटलं. तो म्हणाला, काय विशेष? आता त्याला काय सांगू? वाटेत पेठ नाक्यावर उतरलो आणि समोरून आलेल्या गाडीने परत आलो."

पद्मश्री त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. विशाल उठून अंगणात गेला. मी आत जाऊन उगाच चहाचं आधण ठेवलं. माझ्या डोळ्यांपुढे तो दिवस उभा राहिला. हे दुपारी घरी आले होते, चपला काढल्या होत्या आणि जेवायला वाढ म्हणाले होते.

पंधरा-वीस दिवस मी हवेत होते. म्हातारपणी माणूस मऊ होतो, असं मी शेजारणीला सांगत होते. जैन बस्तीत जाऊन अभिषेक केला. आमच्या घरात कांदा-बटाटा येत नाही, तर हे बाहेरून बटाटेवडे घेऊन आले आणि यशोधराबरोबर अंगणात बसून खाल्ले. मी तेही हसून सोडून दिलं. एकच गोष्ट तीनतीनदा सांगायला लागले, डाव्या पायाची चप्पल रस्त्यात सुटली तरी कळेना, तरी माझं मन काही ऐकायला तयार नव्हतं. मग एका सकाळी हे बनियन आणि टॉवेलवर स्टँडवर गेले आणि गाड्यांना हात करून सोडायला लागले. ओळखीच्या दोघा ड्रायव्हरांनी त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. त्यातला एक जण खाली मान घालून उभा होता. साहेबांनी त्याला कधीतरी निलंबित केलेलं होतं.

मिरजेला डोक्याचा फोटो काढला. लिम्फोमा परत आला होता आणि या खेपेस मेंदूत, कपाळामागच्या भागात, दोन्ही बाजूंना. डॉक्टरांनी पडद्यावर पांढरे ठिपके दाखवले. म्हणाले, हा भाग माणसाच्या स्वभावाचा, आवर घालण्याचा. स्वभावात काही बदल जाणवला होता का? पद्मश्री माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, थोडा विसराळूपणा होता.

त्यांनी ह्यांना तिथेच ठेवून घेतलं. मेंदूची सूज उतरायला स्टिरॉइड सुरू केलं. पद्मश्री मुंबईच्या डॉक्टरांना विचारायला म्हणून रिपोर्ट घेऊन गेली. ती गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खोलीत गेले तर हे पलंगावर ताठ बसलेले. दाढीचं सामान मागितलं. कालचा पेपर मागितला. चहाचा एक घोट घेतला आणि कप बाजूला ठेवला, साखर जास्त झाली होती.

दाढी झाल्यावर विचारलं, "घरात कोण कोण येऊन गेलं?"

मी सांगितलं.

"तोही आला होता?"

"हो."

टॉवेलने गाल पुसून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "यापुढं तिचा फोन उचलायचा नाही. मला बरं नव्हतं. तुला तर कळत होतं."

मला स्टिरॉइड म्हणजे काय ते तोवर माहीत नव्हतं. नर्सला विचारलं तर ती कौतुकाने म्हणाली, मावशी, या औषधाने या आजारातली गाठ काही दिवस झपकन आकसते, माणूस अगदी पहिल्यासारखा होतो, पण टिकत नाही. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. पद्मश्रीला फोन करून सांगितलं की आण्णांना जंतुसंसर्गाची भीती आहे, डॉक्टरांनी कुणाला येऊ नको म्हटलंय, तू तिकडचंच बघ. ती म्हणाली, बरं. ती आली नाही, म्हणून तिने ते काही ऐकलं नाही.

मेंदूपर्यंत पोचणारी केमो दोनदा दिली. उपयोग झाला नाही. स्टिरॉइड हळूहळू कमी केलं, तसे हे पुन्हा उतरत गेले. आधी पेपर उलटा धरायला लागले, मग दाढी अर्धी सोडायला लागले. आणि एका सकाळी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "पदू कुठं राहिली गं? येणार होती ना?"

मी फोन लावला.

मुंबईला एका हॉस्पिटलात नवीन उपचाराची चाचणी चालू होती. पद्मश्रीने धावपळ करून ह्यांचं नाव त्यात घालून घेतलं. तिने मला तो उपचार असा समजावला होता : आण्णांच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या, त्यांना प्रयोगशाळेत गाठ ओळखायला शिकवायचं, आणि परत अंगात सोडायच्या. सैनिक आपलेच, फक्त शत्रू दाखवून द्यायचा. दुसऱ्या जागच्या लिम्फोमात हे बऱ्यापैकी लागू पडत होतं, मेंदूतल्या गाठींवर करून बघणं नुकतंच सुरू झालं होतं. धोकाही मेंदूलाच होता. वाचा जाऊ शकते, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. काहीच केलं नाही तर दोन-तीन महिने.

पद्मश्रीने बिनपगारी रजा घेतली, यशोधराला सासूकडे ठेवलं. बनसोडे बाई मला फोनवर म्हणाल्या, ताई, पोरीची काळजी करू नका, साहेब बरे झाले पाहिजेत. त्यांचा नवरा कंडक्टर असताना ह्यांनी त्याला दारात उभं करून बोललेलं मला आठवत होतं. त्यांनाही आठवत असणार.

हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली. पेशी काढून झाल्या, त्या तयार होऊन यायला काही आठवडे होते. ते आठवडे आम्ही तिघं त्या खोलीत राहिलो. एक पलंग, दोन गाद्या, एक शेगडी.

खोटं कशाला बोलू, माझ्या संसारातले ते सगळ्यात चांगले दिवस. डावा हात चालत नव्हता, लघवी कपड्यात व्हायची, दोघी मिळून त्यांना उचलावं लागायचं. तरी सकाळी डोळे उघडले की हे हाक मारायचे, "त्रिशला." मी ओट्याशी असले तरी मुद्दाम दोन हाका येऊ द्यायचे. भाजी चांगली झाली की चांगली झाली म्हणायचे. पद्मश्रीचे केस विंचरून देतो म्हणून एका हाताने कंगवा फिरवत बसायचे, ती चाळिशीला आलेली बाई गुडघे पोटाशी घेऊन त्यांच्यापुढे बसायची.

एकदा ती औषधं आणायला गेली होती. हे खिडकीकडे बघत म्हणाले, "तू माहेरी गेलीस की घर खायला उठायचं. मी मुद्दाम उशिरापर्यंत आगारात बसायचो."

मी म्हटलं, "मग कधी बोलला नाहीत ते?"

हे हसले. "बोललो असतो तर तू डोक्यावर चढली असतीस."

मीही हसले तेव्हा. नंतर त्या वाक्याने मला झोप लागू दिली नाही.

पेशी आल्या तशी डॉक्टर बोरवणकरांनी मला आणि पद्मश्रीला सह्यांसाठी बोलावलं. बाई तरुण होत्या, घाई न करता बोलायच्या. सगळं सांगून झाल्यावर पद्मश्रीने सही केली आणि विशालचा फोन आला म्हणून बाहेर गेली. माझ्या हातात पेन होतं. मी विचारलं, डॉक्टर, यातून निभावले तर हे कसे असतील?

त्या म्हणाल्या, "आधीसारखे व्हावेत, हाच तर आमचा प्रयत्न आहे."

"आणि आत्ता जे बोलतात, वागतात, ते सगळं त्या गाठीचं का?"

त्यांना वाटलं, हे मला काही वेडंवाकडं बोलले असतील. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, अशा आजारात माणसं शिव्यासुद्धा देतात. मी म्हटलं, शिव्या नाही देत हो. फार चांगलं वागतात.

मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाल्या, "गाठीला स्वतःचं काही बोलायचं नसतं, मावशी. ती आवर घालणारा भाग निकामी करते, एवढंच. कुणाचं काय बाहेर येईल ते आम्हाला सांगता येत नाही. पण जे येतं ते बहुतेक वेळा आत असलेलंच असतं."

मी सही केली.

का केली, हे मी मागाहून पुष्कळदा स्वतःला विचारलंय. सही न करणं म्हणजे नवऱ्याला मरू देणं, हे तर होतंच. पण त्या घडीला मला बाईंच्या बोलण्याचा आधार वाटला होता. आत आहे म्हणाल्या ना. आत आहे आणि एकदा बाहेर आलंय. लेकीच्या गळ्यात पडून रडलेला माणूस बरा झाला तरी पुरता मागे कसा जाईल? मिरजेला त्या चार दिवसांत कठोर वागले, पण तेव्हा पद्मश्री समोर कुठे होती? आता तर तिने महिनाभर त्यांना उचललंय, पुसलंय, भरवलंय. असं सगळं मी मनाशी जुळवलं. मिरजेला काय झालं ते तिला सांगावं असं एकदा मनात आलं. दारातून ती परत आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की सांगवलं नाही.

एवढ्या सगळ्या खटाटोपाची औषधाची पिशवी केवढीशी होती. चहा पिऊन होईतोवर रिकामी झाली. दोन दिवस काही नाही, मग ताप चढला. त्यानंतर नर्स दर पाळीला येऊन विचारायची, नाव सांगा, हे कुठलं गाव, हे काय आहे, शंभरपासून उलटं मोजा, एक वाक्य लिहा. हे रोज एकच लिहायचे, 'गाडी वेळेवर सुटली'. नर्सला गंमत वाटायची. पाचव्या दिवशी 'गाडी' लिहिलं आणि पुढे नुसत्या रेघा. पेन दाखवलं तर 'गाडी' म्हणाले. संध्याकाळपर्यंत तेही बंद झालं. हात थरथरायला लागले, डोळे उघडे पण कुणाला बघताहेत कळेना. आयसीयूत हलवलं. एका वेळी एकालाच आत सोडायचे. मला आत फार वेळ बघवायचं नाही, म्हणून पद्मश्रीच जास्त वेळ आत असायची. ती त्यांच्या कानाशी यशोधराच्या शाळेतल्या गमती सांगत बसायची. नर्स म्हणायची, त्यांना कळत नाहीये ताई. ही म्हणायची, असू दे.

आठवडाभर तसं गेलं. मग ताप उतरला, थरथर थांबली. एक एक शब्द परत आला. आधी पाणी, मग चष्मा, मग किती वाजले. खोलीत आणलं तेव्हा डाव्या हाताची बोटंसुद्धा हलत होती. बोरवणकर बाई रोज येऊन बघायच्या आणि जाताना त्यांचा चेहरा फुललेला असायचा. पद्मश्रीने विशालला सांगून पेढे मागवून ठेवले होते.

त्या सकाळी हे उशीला टेकून बसले होते. पद्मश्री पायाशी बसून त्यांची नखं काढत होती. उजवा पाय झाला होता, डावा घेतला होता. मी खिडकीत उभी राहून संत्रं सोलत होते. ह्यांनी चष्मा लावला, तिच्याकडे बघितलं. बघतच राहिले. माझ्या लक्षात आलं. मी संत्रं ठेवून पुढे होणार तोवर हे बोलले. माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही.

"हिला कुणी बोलावलं?"

पद्मश्रीने मान वर केली. तिला वाटलं, अजून गोंधळ उडतोय. नर्सच्या सुरात, हसत म्हणाली, "आण्णा, मी पद्मश्री. तुम्हीच बोलावलंत."

"ते कळतंय मला. मी शुद्धीवर नव्हतो." मग थेट तिच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही केलंत त्याबद्दल आभार. आता घरी जा."

तुम्ही. पोटच्या पोरीला तुम्ही.

तिने नेलकटर थांबवला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या बघण्यातच तिला कळलं की मला हे अनपेक्षित नव्हतं. मग तिने खाली बघून डाव्या पायाची राहिलेली नखं काढली. सगळी, करंगळीपर्यंत. कागदात गोळा करून टोपलीत टाकली, हात धुतले आणि पिशवी उचलली. मी तिच्यामागे लिफ्टपर्यंत गेले.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

मी मिरजेचं सांगितलं. ती ऐकून घेत उभी राहिली. लिफ्ट आली आणि गेली. मग म्हणाली, "बरं झालं नाही सांगितलंस. माझ्याने सही झाली नसती कदाचित." आणि पुढची लिफ्ट आली तिच्यात बसून खाली गेली.

महिन्याने फोटो काढला. मेंदूत काही उरलं नव्हतं. बोरवणकर बाईंनी मला मिठी मारली. म्हणाल्या, मावशी, बघा, अगदी आधीसारखे झाले की नाही. मी हो म्हटलं. पद्मश्रीने मागवलेले पेढे केव्हाच विटले होते, मी नवे आणून त्यांच्या वॉर्डात वाटले.

आम्ही जयसिंगपूरला परत आलो. हे सकाळी फिरायला जायला लागले, पेपर वाचायला लागले, ताट सरकवून उठायला लागले. मी पुन्हा 'अगं' झाले. लोक भेटायला यायचे, हे त्यांना उपचाराची माहिती अगदी मुद्देसूद सांगायचे. कुणी विचारलं की त्या काळातलं काय आठवतं, तर म्हणायचे, काही नाही, सगळं कोरं. डॉक्टरांनाही तेच सांगितलं होतं. मीही ते धरून बसले होते. माणसाला आठवतच नाही तर त्याचा काय दोष? आजाराने दिलं, औषधाने नेलं.

दिवाळीच्या आधी यशोधराने आजोबांना कागदावर रंगीत गाडी काढून पाठवली. ह्यांनी पाकीट बघितलं, उघडलं आणि मिटून माझ्याकडे दिलं. ठेव कुठंतरी, म्हणाले. त्या दुपारी मला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, तुम्हाला आठवत नाही म्हणून सांगते. आणि सांगायला लागले. तिला हात धरून आत कसं आणलंत, कसे रडलात, तिचे केस कसे विंचरायचात.

हे मध्येच म्हणाले, "कशाला सांगतेस? मला सगळं आठवतं."

ह्यांनी चष्मा काढून पुसला.

"आयसीयूतलं नाही. त्याआधीचं सगळं आठवतं."

"मग जे बोललात ते खोटं होतं?"

"खोटं कशाला असेल?" आवाज अगदी शांत होता, आगारात कुणाला नियम समजावून सांगावा तसा. "पण तिनं मला कपडे घाण केलेले बघितलंय. टॉवेलवर स्टँडवर गेलेलो सगळ्या गावानं बघितलंय. आता तिला घरात घेतली तर लोक काय म्हणतील? चौगुले अजून बरा झालेला नाही. डोक्यावर परिणाम झाला तेव्हा लेक घेतली आणि तो परिणाम तसाच राहिला. मी बरा झालोय. ठणठणीत बरा झालोय."

एवढं बोलून त्यांनी पेपर उचलला.

मी तिथेच बसून होते. ह्यांच्या डोक्यात आता काही नव्हतं, फोटोत स्वच्छ दिसत होतं. ह्यांना कुणी अडवलेलं नव्हतं. पहिल्यापासूनच नव्हतं. घर खायला उठायचं तेव्हाही नव्हतं, आणि पेठ नाक्यावर उतरले तेव्हाही नव्हतं. पंचेचाळीस वर्षं मी समजत होते की ह्या माणसाकडे द्यायला काही नाही, म्हणून माझी तक्रार नव्हती. नाही त्याच्याकडे काय मागायचं? आता कळलं की घर भरलेलं होतं आणि किल्ली कमरेला होती.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. हे ठणठणीत आहेत. मुंबईला तपासणीला गेलो की बोरवणकर बाई नवीन डॉक्टरांना बोलावून ह्यांना दाखवतात. मी आता बहिणीचं निमित्त करत नाही. पुण्याला जाते म्हणून सांगते आणि जाते. हे विचारत नाहीत आणि अडवतही नाहीत.

गेल्या खेपेला गेले तेव्हा पद्मश्री कपड्यांच्या घड्या घालत होती. तपासणीचं काय झालं, तिने विचारलं. दर वेळी विचारते. मी म्हटलं, सगळं स्वच्छ आहे. तिने मान हलवली. यशोधरा आता मोठी झाली आहे, तिला शाळेत कुणीतरी आजोबांबद्दल विचारलं होतं आणि तिने काय सांगायचं ते आईला विचारलं होतं. पद्मश्रीने तिला सांगितलं होतं की आजोबांचं तुझ्यावर फार प्रेम होतं, पण आजारात त्यांची ती आठवण पुसली गेली.

"खरंच गं आई," ती विशालच्या शर्टाची कॉलर सरळ करत म्हणाली, "त्यांना आठवत असतं तर ते असे वागलेच नसते. तेवढं एक धरून मी राहते."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातातला शर्ट घेतला.

"हो," मी म्हटलं. "त्यांना काहीच आठवत नाही."